दोन खाटांचं घर

दादाला पाणी प्यायला नव्यानं शिकवावं लागलं. आमचा तालुका पोलादपूर. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस. जून लागला की भिंतींना ओल चढते, वाळत घातलेले कपडे चार-चार दिवस सुकत नाहीत. अशा गावातला हा माणूस, पण डायलिसिसवर असताना त्याचं पाणी मापाचं होतं. सकाळी वहिनी एक बाटली भरून ठेवायच्या आणि चहा, आमटी, गोळीबरोबरचा घोट, सगळं त्या बाटलीतून वजा करायच्या. तहान अगदीच आवरेना तर बर्फाचा खडा गालात. बाहेर पागोळ्या धो धो गळतायत आणि आत हा बर्फ चघळत बसलाय, हे आम्ही इतकं पाहिलं की पुढे पुढे त्यात काही वेगळं वाटेनासं झालं.

मग मुंबईत किडनी बसवली, आणि डॉक्टरांनी सांगितलं की आता रोज तीन लिटर तरी पाणी पोटात गेलं पाहिजे. दादा पेला हातात घेऊन बसायचा. एक घोट घ्यायचा आणि वहिनींकडे बघायचा, कुणी ओरडत तर नाही ना म्हणून. लघवी मोजायला एक प्लास्टिकचं भांडं दिलं होतं, त्यावर मिलिलिटरच्या रेघा. कित्येक महिन्यांनी ते भरताना पाहून आई इतकी हरखली की तिनं त्या भांड्याला हळद-कुंकू वाहायचं तेवढं बाकी ठेवलं. घरातल्या कुठल्याच मंगलकार्याला आम्ही इतक्या मनापासून हसलो नसू.

वर्तमानपत्रातली बातमी इथे संपते. किंबहुना याच्या आधीच संपते. रस्ता मोकळा करून रुग्णवाहिका सोडली, अमुक मिनिटांत हृदय पोचलं, डॉक्टरांचा हसरा फोटो. मी त्या बातम्यांना नावं ठेवत नाही. त्या वाचूनच कुणीतरी अवयवदानाचा अर्ज भरतो. पण अवयव बसवणं आणि तो बसलेला राहणं यांत किती अंतर आहे, हे मुंबईनं आपल्याच इतिहासात पाहिलंय. 1968 च्या फेब्रुवारीत केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदय बदललं. केपटाऊनला ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी जगातली पहिली शस्त्रक्रिया केली, त्याला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. सेन यांचा रुग्ण काही तासच जगला. मुंबईत बदललेलं हृदय यशस्वीपणे चालायला 2015 चा ऑगस्ट उजाडावा लागला, डॉ. अन्वय मुळे यांनी मुलुंडला ते बसवलं, आणि हृदय आलं होतं पुण्याहून. मधल्या 47 वर्षांत सर्जनच्या हाताला नवी बोटं फुटली नव्हती. टाके घालायचं कसब सेन यांच्याकडेही होतंच. मधे कायदा आला, 1994 चा. आणि परकं दिसेल ते बाहेर काढायची शरीराची खोड आवरणारी औषधं आली. म्हणजे बदललं ते बरंचसं नंतरचं, टाके पडल्यानंतरचं.

मोनिका मोरेचं नाव अनेकांना आठवत असेल. 2014 च्या जानेवारीत घाटकोपर स्थानकात तिचे दोन्ही हात गेले, 2020 च्या ऑगस्टमध्ये चेन्नईहून आलेले हात तिला जोडले. ती बातमी सगळ्यांनी वाचली. पण तुटलेली नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते. जोडलेल्या जागेपासून बोटांच्या टोकापर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये मोजलं की त्या मुलीनं आणि तिच्या घरच्यांनी बातमीनंतर काय काढलं असेल, याचा थोडा अंदाज येतो. रोजचा व्यायाम, रोजची वाट बघणं, आणि रोज काहीच घडलेलं न दिसणं. त्याचा फोटो काय काढणार?

सुरुवातीचे तीनेक महिने दादा-वहिनी मुंबईत, रुग्णालयाच्या जवळ भाड्याच्या खोलीत होते. मग डॉक्टर म्हणाले, गावी जायला हरकत नाही, पण रक्त तपासायची सोय हवी, वेळ पडली तर गाडी हवी. आमची वाडी उमरठच्या बाजूला, तानाजी मालुसऱ्यांचा मुलूख. पोवाड्याला उत्तम, रात्री दोन वाजता ताप चढला तर नाही. म्हणून दोघं महाडला माझ्याकडे आली. मधल्या खोलीत मी दोन खाटा टाकल्या, एक दादाची, एक वहिनींची.

दुसऱ्या खाटेचं लोकांना नवल वाटायचं. भेटायला येणारा प्रत्येक जण दादाच्या खाटेशी थांबायचा. कसं वाटतंय, क्रिएटिनिन किती आलं, भूक लागते का. मग वळून वहिनींना म्हणायचा, "तुम्ही धन्य आहात हो," आणि पुढच्याच वाक्यात, "चहा बिनसाखरेचा बरं का." ज्या बाईची किडनी काढलीय तिलाच चहा टाकायला उठवणारी ही माणसं दुष्ट नव्हती. त्यांच्या लेखी आजारी एकच होता. देणारी ही देवी, आणि देवीला टाके दुखत नाहीत. प्रत्यक्षात मुंबईच्या वॉर्डातल्या सिस्टरनीच मला सांगितलं होतं की पहिले काही दिवस देणाऱ्याला घेणाऱ्यापेक्षा जास्त त्रास होतो. घेणाऱ्याच्या रक्तातलं विष उतरलेलं असतं, त्याला वर्षानुवर्षांत पहिल्यांदा हुशारी वाटते. देणारी माणसं धडधाकट आत जातात आणि आजारी होऊन बाहेर येतात. दुर्बिणीतून काढली तरी कापाकापी ती कापाकापीच. वजन उचलायचं नाही, कळशी नाही, लाकडाची मोळी तर नाहीच. एका किडनीवर माणूस नीट जगतो हे खरं. पण दर वर्षी रक्तदाब, लघवीतलं प्रथिन, क्रिएटिनिन बघत राहायचं, हेही तितकंच खरं. दादाच्या तपासण्यांची जाडजूड फाईल होती. वहिनींची डिस्चार्जची दोन पानं त्याच फाईलच्या मागच्या खिशात खोचलेली.

आपल्या देशात जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायका फार जास्त आणि घेणाऱ्यांत पुरुष फार जास्त, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. बायको, आई, बहीण. त्यातलं प्रेम खोटं आहे असं मी म्हणणार नाही, मीही बहीणच आहे. माझा रक्तगट जुळला असता तर मीही पुढे झाले असते. पण एका रात्री भाजी निवडताना वहिनी जे बोलल्या ते मला फार दिवस पुरलं. कायद्याप्रमाणे देणाऱ्याला एकटं बसवून विचारतात: तुम्ही स्वखुशीनं देताय ना, कुणाची जबरदस्ती नाही ना. नवरा-बायको असल्याचा पुरावा म्हणून त्यांनी लग्नाची पत्रिका, फोटो असं सगळं गोळा करून नेलं होतं. त्या खोलीत समोरच्या बाईंनी चष्मा काढून विचारलं, "तुम्हाला द्यायची आहे का?" वहिनी म्हणाल्या, "बाय, तोवर मला कुणी विचारलंच नव्हतं. तुम्ही नाही, आईंनी नाही, ह्यांनीही नाही. तपासणी जुळली आणि सगळे देवाला नारळ फोडायला गेले. त्या परक्या बाईनं पहिल्यांदा विचारलं." मग थोडं थांबून, "मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं. पण विचारलं ते बरं वाटलं."

दादाच्या दुखण्याचं मर्म कळायला आम्हाला वेळ लागला, कारण ते आमच्या सगळ्या समजुतींच्या उलटं आहे. आपण लहानपणापासून शिकलो की अंगात ताकद हवी, रोगाशी लढायची शक्ती हवी. इथे ती शक्तीच आवरून धरायची असते. वहिनींची किडनी दादाच्या पोटात, उजव्या बाजूला कमरेच्या हाडाच्या आत बसवलेली. त्याच्या स्वतःच्या दोन सुकलेल्या किडन्या जागच्या जागी, त्या सहसा काढत नाहीत. शरीराचे पहारेकरी या नवीन किडनीकडे आयुष्यभर संशयानं बघणार. लग्नाला पंचवीस वर्षं झाली असली तरी त्यांच्या दृष्टीनं वहिनी परक्याच. म्हणून पहारा ढिला ठेवायच्या गोळ्या, सकाळी आठ आणि रात्री आठ, जन्मभर. आणि पहारा ढिला म्हणजे येणारा-जाणारा कुठलाही जंतू मोकळा. क्षयाचा, बुरशीचा, साध्या सर्दीचा.

हे लोकांना समजावता समजावता माझा घसा बसला. करोनाच्या दिवसांपासून तर घरोघर गुळवेल. आमचे एक काका खास बाटली भरून काढा घेऊन आले. गुळवेल, अडुळसा, आणखी काय काय. "प्रतिकारशक्ती अशी वाढेल की औषधं सुटतील." मी म्हटलं, "काका, वाढायलाच तर नकोय." ते माझ्याकडे अशा नजरेनं बघत राहिले, जणू मीच भावाच्या मुळावर उठलेय. काढा मी ठेवून घेतला आणि संध्याकाळी मोरीत ओतला. गणपतीत दुसरा प्रसंग. गणपतीपुढच्या फळांत पपनस होतं, आणि दादाला पपनस जिवापाड आवडतं. मुंबईहून निघताना आहाराच्या कागदावर ग्रेपफ्रूट वर्ज्य लिहिलं होतं. महाडच्या बाजारात ते कोण विकतं, म्हणून आम्ही ती ओळ सोडून दिलेली. वहिनींना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी फोन करून विचारलं. उत्तर आलं: पपनस त्याच जातीतलं, दादाच्या गोळीतल्या टॅक्रोलिमसचं रक्तातलं प्रमाण भलतं वाढवतं, मुळीच द्यायचं नाही. संत्रं-मोसंबी चालतं, पपनस नाही. दादानं गणपतीकडे बघून हात जोडले आणि म्हणाला, "तूच खा बाबा."

या गोळ्यांची कुळकथा मला फार आवडते. सायक्लोस्पोरिन, ज्यानं 1983 नंतर अवयव बदलण्याचं सगळं शास्त्रच पालटलं, ते नॉर्वेच्या एका उजाड पठारावरून आणलेल्या मातीतल्या बुरशीत सापडलं. दादा घेतो ते टॅक्रोलिमस जपानमधल्या त्सुकुबा डोंगराजवळच्या मातीतल्या जिवाणूतून, 1984 मध्ये. सिरोलिमस नावाचं आणखी एक आहे, ते प्रशांत महासागरातल्या ईस्टर बेटाच्या मातीतलं. तिन्ही मातीतून आलेली. आणि ती घेणाऱ्याला सांगितलं जातं की मातीत हात घालू नका, कुंड्यांना हात लावताना हातमोजे घाला, शेतातल्या चिखलात अनवाणी उतरू नका. आमच्याकडे तर लेप्टो. उंदीर-घुशींच्या लघवीतला जंतू पावसात खाचरात उतरतो आणि पायाच्या भेगेतून आत शिरतो. धडधाकट माणसं त्यानं जातात. दादाला मी हे सगळं वाचून दाखवलं. तो म्हणाला, "म्हणजे दोन वेळा माती खायची, पण मातीत पाय ठेवायचा नाही."

आईचं निदान साधं होतं. दादा पहिल्या महिन्यांत फिकट, गळालेला दिसायचा तेव्हा ती म्हणायची, "आवण उपटून लावलं की आठ दिवस पिवळं पडतंच, मग जीव धरतं." दादाला त्यानं धीर यायचा, मला यायचा नाही. रोप एकदा रुजलं की शेत त्याच्यावर उलटत नाही. इथे रुजल्यावरही जन्मभर धाकधूक. पण आईला हे सांगून काय मिळवायचं होतं!

दादा पूर्वी मिनिडोर चालवायचा. महाड-पोलादपूर, बिरवाडी, जिथे भाडं मिळेल तिथे. हसरा, मोठ्या आवाजाचा माणूस. कंबर दुखते म्हणून दुखण्याच्या गोळ्या, डोकं दुखतं म्हणून त्याच. रक्तदाब कधी मोजलाच नाही. मोजला तेव्हा किडन्या गेलेल्या होत्या. किडनी बसवल्यावर आम्हाला वाटलं, आता आपला जुना दादा परत येणार. आला तो वेगळाच. स्टिरॉइडनं चेहरा वाटोळा झालेला, हाताला कंप, साखर वाढलेली, रात्री झोप नाही आणि सारखी भूक. कढईत फोडणी जरा जळली तर ओरडायचा आणि पाचच मिनिटांत रडायचा. स्वतःच्या रडण्याची त्याला इतकी लाज वाटायची की पुन्हा ओरडायचा. मुंबईच्या रुग्णालयातल्या समन्वयक बाईंनी फोनवर सांगितलं, हे औषधांनीही होतं आणि मनानंही होतं, दोन्ही खरं माना. लपवू नका, पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगा, मनाच्या डॉक्टरांकडे जायला लाजू नका. तो गेला. बऱ्याच आढेवेढ्यांनी गेला, पण गेला. महाडला हे सांगताना आम्ही "रक्त तपासायला गेलाय" असंच सांगत होतो, तेही लिहून ठेवते.

गोळ्या थोड्या कमी झाल्यावर चिडचिड ओसरली, तशी खालची गोष्ट दिसायला लागली. तो वहिनींशी बोलायचाच नाही नीट. म्हणजे फार नीट बोलायचा. "तू सांगशील तसं." "तुला काय वाटतं ते कर." पंचवीस वर्षांत ज्यानं भाजीला मीठ कमी पडलं तर ताट सरकवलं, तो आता अळणी डाळ चांगली झाली म्हणायचा. वहिनी जिना चढताना धापल्या की हा उठून दुसऱ्या खोलीत जायचा. त्याच्या डाव्या मनगटाच्या वर डायलिसिससाठी केलेला फिस्टुला अजून आहे. तिथे कान लावला की शिरेतली घरघर ऐकू येते. पूर्वी तो पोरांना ती ऐकवायचा, गाडी चालू आहे म्हणायचा. आता शर्टाची बाही खाली ओढून झाकायचा. कुणाकडून काही घेतलं की आपल्याकडे परतफेडीची रीत असते. साखर घेतली तर वाटी रिकामी परत जात नाही. या वाटीत काय घालून परत करायचं, हे त्याला उमगत नव्हतं. आणि लोक येऊन रोज त्याला ऐकवत होते, बायको असावी तर अशी.

महाडच्या माणसाला औषधाचं कौतुक आहे. विंचू चावून माणसं दगावायची त्या काळात इथेच डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन वापरून ती वाचवली आणि ते जगभरच्या नियतकालिकांत छापून आणलं. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आमच्या मनातलं दुखणं अजून त्या घाटाचं आहे: रात्री विंचू, सकाळी निकाल. माणूस वाचतो नाही तर जातो, आणि वाचला की दुसऱ्या दिवशी कोयता घेऊन रानात. जे दुखणं वाचवल्यावरच सुरू होतं, त्यासाठी आमच्याकडे ना शब्द आहेत ना सबुरी. "अजून मास्क? किडनी तर बसली ना?" हा प्रश्न मी इतक्या तोंडांतून ऐकलाय की त्याला उत्तर द्यायचं मी सोडून दिलं.

त्यात आमची भूमी अशी. 22 जुलै 2021 ला सावित्री आणि गांधारी महाडात शिरल्या, आमच्या इमारतीचा तळमजला गेला, आणि त्याच दिवशी तळियेला दरड कोसळून ऐंशीहून जास्त माणसं गेली. पोलादपूरकडे साखर सुतारवाडी, केवनाळे इथेही दरडी. दादाचं डायलिसिस तेव्हा नुकतंच सुरू झालेलं, रस्ते बंद. मशीनला न जाता काढलेल्या त्या रात्री त्याचा श्वास कसा चालला होता, ते मला लिहायचं नाही. म्हणून आता औषधांची व्यवस्था अशी: घट्ट झाकणाच्या बरणीत पंधरा दिवसांचा जादा साठा, सातबारा आणि रेशनकार्डाशेजारी, माळ्यावर. पाऊस वाढला की बाकीचे लोक सामान वर चढवतात, आम्ही आधी बरणी बघतो.

मुंबईला तपासणीला जायचं म्हणजे तो महामार्ग. 2011 पासून रुंद होतोय. माणगाव, इंदापूर, कोलाड, कुठे खड्डा नाही ते विचारा. वहिनी टाक्यांवर उशी दाबून बसायच्या. शक्य तेव्हा आम्ही वीरहून रेल्वे धरली. रक्तातलं टॅक्रोलिमस मोजायचं त्या दिवशी सकाळची गोळी रक्त देईपर्यंत घ्यायची नाही, नाहीतर आकडा खोटा येतो. नमुना महाडहून मुंबईला जायचा आणि आकडा येईपर्यंत घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. औषधाच्या एका दुकानात मला सांगितलं, "तेच औषध, दुसऱ्या कंपनीचं घ्या, स्वस्त पडेल." तेच औषध असतं हे खरं, पण कंपनी बदलली की रक्तातलं प्रमाण हलू शकतं, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणि पुन्हा मोजल्याशिवाय बदलायचं नसतं. खर्चाचं गणित असंच लांबत जातं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किडनी बसवण्यासाठीची मर्यादा 2023 मध्ये अडीच लाखांवरून साडेचार लाख झाली, ते चांगलंच झालं. पण गोळ्या जन्मभराच्या आहेत. मिनिडोर विकली ती शस्त्रक्रियेसाठी नाही, त्यानंतरच्या वर्षासाठी.

एका भेटीत डॉक्टरांनी फाईल बघून दोन गोळ्या कमी केल्या. मी घाबरून विचारलं, किडनी नाकारली तर? ते म्हणाले, सुरुवातीला धोका सगळ्यात जास्त, म्हणून मात्रा जास्त. आता शरीर आणि किडनी एकमेकांना थोडी सरावलीत. जास्त दिवस जास्त मात्रा दिली तर औषधच किडनी खराब करतं. परतीच्या गाडीत माझ्या डोक्यात हेच घोळत होतं. टॅक्रोलिमस किडनीला वाचवतं आणि तेच फार झालं तर मारतं. मग आमचं काय? शरीराचा पहारा उतरवला त्या दिवसापासून घरानं आपला पहारा चढवला होता. मी दारात सॅनिटायझर घेऊन उभी, आई पाणी उकळतेय, भाचा फोनवर गजर लावून बसलाय, कुणी शिंकलं की सगळे त्याच्याकडे गुन्हेगारासारखे बघतायत. पहिल्या महिन्यांत ते हवंच होतं. पण डॉक्टरांची मात्रा दर खेपेला उतरत होती आणि आमची तशीच. दादाला आम्ही एकटं मोरीत जाऊ देत नव्हतो. त्याच्या गोळ्या त्याच्या हातानं काढू देत नव्हतो. ज्या माणसाला जन्मभर स्वतः घड्याळ बघून गोळी घ्यायची आहे, त्याला आम्ही लहान पोर करून ठेवला होता, आणि वर म्हणत होतो, याचं मन का रमत नाही.

गोळ्यांचा डबा मी त्याच्या खाटेशी ठेवला. पहिल्या आठवड्यात रात्री आठला मी स्वयंपाकघरात भांडी आपटत राहिले, आठवण व्हावी म्हणून. तो बाहेरून ओरडला, "घेतली! भांडी फुटतील." रोजच्या नोंदींची वही त्यानं स्वतःकडे घेतली. वजन, ताप, रक्तदाब, साखर. थरथरत्या हाताचे मोठे मोठे आकडे. काही दिवसांनी बघितलं तर मधून उभी रेघ मारून त्यानं दोन रकाने केले होते. दुसऱ्यात वहिनींचा रक्तदाब. "डॉक्टरांनी सांगितलंय तिचाही बघायला," म्हणाला, जणू यात विशेष काहीच नाही. वहिनी हात पुढे करून बसल्या की तो पट्टा गुंडाळायचा आणि आकडा स्थिर होईपर्यंत दोघंही त्या छोट्या पडद्याकडे बघत राहायची.

पावसाळा संपला, भात कापून झाला, मग दोघं वाडीवर परत गेली. गमबूट, हातमोजे, उकळलेलं पाणी, सगळी शिदोरी घेऊन. शिमग्याला मी गेले तेव्हा पालखी अंगणात आली होती. दादा तोंडाला मास्क लावून गर्दीपासून लांब, पडवीच्या टोकाला उभा राहून नाचवणाऱ्या पोरांना शिव्या घालत होता, कारण त्यांचा खांदा चुकत होता. आवाज अगदी मिनिडोरच्या दिवसांतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेत होते आणि परसात दोघांचं जुंपलं. वरच्या शेतात यंदा पुन्हा नाचणी लावायची, गडी घालून, असं दादा म्हणत होता. वहिनींचं म्हणणं, खंडानं देऊन टाका, तुम्हाला चिखलात जायचं नाही आणि मला तुमच्यामागे धावायचं नाही. आवाज चढत गेले. शेजारची म्हातारी कुंपणाशी येऊन उभी राहिली. दादा म्हणाला, "शेत माझ्या बापाचं आहे, मी ठरवीन."

"आणि किडनी माझ्या बापाची आहे," वहिनी म्हणाल्या. "ती काय चिखलात घालायला दिलीय?"

दादाचं तोंड उघडं ते उघडंच. मग त्यानं मास्क हनुवटीखाली ओढला आणि तितक्याच मोठ्यानं म्हणाला, "नाचणी डोंगराच्या उतारावर होते, तिथे चिखल कुठला? इतकी वर्षं या घरात राहून तेवढं कळलं नाही तुला?" वहिनींनीही कंबर कसली. आई माझ्याजवळ येऊन बसली आणि कान त्यांच्याकडे ठेवून हळूच विचारलं, "आठची घेतली का त्यानं?" मी म्हटलं, घेतली. "मग भांडू दे," आई म्हणाली, आणि तिनं माझ्या कपात आणखी चहा ओतला.